सोळा आण्यांचे सुख

“माय, सोळा आणे सुख कोनाच्याच घरी नसते,” असे माझी आजी म्हणायची. मेहकर तालुक्यातील आमच्या खेड्यात कोणाच्या घरी भांडण झाले, कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाची वेचणीला आलेली कपाशी पावसात भिजली, की आजीच्या तोंडी हे वाक्य ठरलेले. तिला अक्षरओळख नव्हती, पण हिशेब पक्का होता. १ एप्रिल १९५७ पासून देशात नवे पैसे आले आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. आजीच्या बोलण्यातून मात्र ते अखेरपर्यंत गेले नाहीत. माणसाचे सुखदुःखसुद्धा ती आण्यांतच मोजायची. अमक्याचे बारा आणे बरे चालले आहे, तमकीच्या नशिबी चार आणेही नाही, असे तिचे मोजमाप.

पुढे एका वर्षावासात आमच्या विहारात भन्तेजींनी अंगुत्तर निकायातील एक लहानसे सुत्त समजावून सांगितले आणि मला आजीची आठवण झाली. कारण त्या सुत्तात तथागतांनीही सुखाचा हिशेब सोळा भागांत केला आहे. त्या हिशेबाप्रमाणे आपण आयुष्यभर ज्याच्यामागे धावतो ते सारे मिळून एक आणाही भरत नाही. मग उरलेले पंधरा आणे कुठे आहेत? बंधू-भगिनींनो, त्याचाच शोध आज आपण घेऊ या.

नव्या घरातील रात्र

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका घरी गृहप्रवेशाला गेले होते. स्लॅबचे घर, रंगवलेला दरवाजा, दर्शनी भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, अंगणात नवी मोटारसायकल. आदल्या वर्षी थोरल्या मुलीचा मंगल परिणय झाला होता. तोही मोठा मंडप घालून, डीजे लावून, तीन गावांना जेवण देऊन. पाहुणे घराची वाखाणणी करीत होते. मलाही मनापासून आनंद झाला.

रात्री पाणी प्यायला उठले तर घरधनी गच्चीच्या पायरीवर एकटेच बसलेले. मी विचारले, “दादा, झोपला नाहीत?”

ते म्हणाले, “ताई, वाटत होते घर झाले की सुखी होईन. घर झाले. मग वाटले, पोरगी उजवली की मोकळा होईन. तेही झाले. पण सुख जवळ आल्यासारखे वाटते आणि पुन्हा चार पावले पुढे सरकते.” मग त्यांनी एकेक सांगितले. बँकेचा हप्ता, बायकोच्या नावावर घेतलेल्या गटाचा हप्ता, सोनाराची उधारी, मेव्हण्याचे हातउसने. यातले निम्मे घरात कोणाला ठाऊकही नव्हते. घर आले होते, पण झोप गेली होती.

हा माणूस उधळ्या नव्हे, व्यसनी नव्हे. दिवसभर राबणारा. त्यांच्या वडिलांना गावातील मोठ्या वाड्यांसमोरून पायात वहाण घालून जाण्याची सोय नव्हती. अशा बापाच्या मुलाने स्लॅबच्या घराचे स्वप्न पाहिले तर त्यात त्याचे काय चुकले? ज्यांनी हजारो वर्षे काहीच पाहिले नाही, त्यांनी थोडे काही मिळवावे आणि ते चारचौघांना दिसावे असे वाटणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. म्हणून या प्रश्नाकडे उपदेशकाच्या उंच आसनावरून पाहून चालणार नाही. तथागतांनीही तसे पाहिले नाही.

अनाथपिंडिकाला सांगितलेली चार सुखे

श्रावस्तीचा सुदत्त श्रेष्ठी, ज्याला आपण अनाथपिंडिक म्हणून ओळखतो, तो एकदा जेतवनात भगवंतांकडे आला. तेव्हा भगवंतांनी त्याला गृहस्थाची चार सुखे सांगितली. पहिले अत्थिसुख, म्हणजे आपल्याजवळ काही आहे याचे सुख. पण हे ‘असणे’ कसे? स्वतःच्या उद्योगाने, बाहुबळाने, घाम गाळून, धर्माने मिळवलेले. दुसरे भोगसुख, म्हणजे मिळवलेले स्वतः उपभोगण्याचे आणि त्यातून सत्कर्म करण्याचे सुख. तिसरे अनणसुख, म्हणजे कोणाचे थोडे वा फार देणे नसल्याचे सुख. आणि चौथे अनवज्जसुख. अनवज्ज म्हणजे निर्दोष. काया, वाचा आणि मन यांनी आपल्या हातून निंद्य कर्म घडले नाही, या जाणिवेतून येणारे सुख.

यानंतर भगवंतांनी हिशेब केला. पहिली तीन सुखे चौथ्या सुखाच्या सोळाव्या भागाचीही बरोबरी करीत नाहीत, असा त्या सुत्तातील गाथांचा आशय आहे. आजीच्या भाषेत सांगायचे तर घर, शेत, दागिने, त्यांचा उपभोग आणि कर्जमुक्तीसुद्धा एकत्र तराजूत टाकली तरी एक आणा भरत नाही. निर्दोष जगण्याचे सुख तेवढे सोळा आणे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. भगवंतांनी पहिली तीन सुखे खोटी ठरविली नाहीत. तीही सुखेच आहेत, असे म्हटले. संपत्तीला त्यांनी पाप म्हटले नाही, घरदार सोडून रानात जा असेही अनाथपिंडिकाला सांगितले नाही. त्यांनी फक्त वजन करून दाखविले. आपले चुकते ते या वजनात. एका आण्यासाठी आपण पंधरा आणे मोडतो.

खारे पाणी गोड मानू नका

आता कोणी विचारील, “बाई, ‘सुख आतच आहे, आहे त्यात समाधान माना’ हे तर आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले. गावकुसाबाहेर राहा, उष्टे खा आणि पुढच्या जन्माची वाट पाहा. तेच तुम्ही पुन्हा सांगता काय?”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, ही त्यात त्यांनी घातलेली एक अट होती. पुढे १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी संतोषाचा अर्थ उलगडून सांगितला. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरण जाणे नव्हे, गरिबी धन्य आहे असे बुद्धांनी म्हटलेले नाही आणि दुःखी माणसाने आपली स्थिती बदलू नये असेही म्हटलेले नाही. ज्या लोभाला सीमा नाही त्याने माणसाला गिळू नये, एवढाच त्याचा अर्थ, असे बाबासाहेबांचे विवेचन आहे.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागात खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांनी तेथील कित्येक घरे त्रस्त आहेत. आता त्या पट्ट्यातील माणसाने खारे पाणी गोड मानून प्यावे, म्हणजे समाधान काय? मुळीच नाही! गोड्या पाण्यासाठी त्याने ग्रामसभेत उभे राहावे, अर्ज करावेत, मोर्चा काढावा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते काही असमाधानी स्वभावाचे होते म्हणून नव्हे. पाणी हा माणसाचा हक्क आहे म्हणून गेले.

तहान आणि तृष्णा यांतला भेद हा असा आहे. तहान पाण्याने भागते. तृष्णा पाण्याने वाढते. मुलांचे शिक्षण, पोटभर अन्न, डोक्यावर छप्पर, मजुरीचा योग्य दाम, माणूस म्हणून वागणूक ही आपली तहान आहे. ती भागलीच पाहिजे. पण शेजाऱ्याचा मंडप शंभर फुटांचा म्हणून माझा सव्वाशे फुटांचा, ही तृष्णा. तिला कधी भर येत नाही, कारण तिचे माप आपल्या हाती नसतेच. ते शेजाऱ्याच्या हाती असते.

देणे आणि लाज

तिसऱ्या सुखाविषयी, अनणसुखाविषयी, आपल्या भागात थोडे अधिक बोलणे भाग आहे. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या मदतीची ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्ध्याबरोबर आपला बुलढाणाही होता. ही योजना कशामुळे आली हे येथील लेकराबाळांनाही ठाऊक आहे. कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा, महागलेले बियाणे-खते-फवारण्या, पडलेला भाव आणि सावकाराचा दार ठोठावणारा हात. ज्या घरांतला कर्ता माणूस त्यात गेला, त्या घरांना कोणी ‘ध्यान करा, शांती मिळेल’ असे सांगितले तर तो त्यांचा अपमान ठरेल. सिंचन, वेळेवर पीककर्ज आणि रास्त भाव यांना दुसरा पर्याय नाही.

पण सुत्तातील एक बारकावा येथे कामी येतो. भगवंतांनी कर्जमुक्ती आणि निर्दोषता ही दोन वेगळी सुखे सांगितली आहेत. म्हणजेच ज्याच्या डोक्यावर देणे आहे, तो दोषी आहे असे नाही! पेरले, खपले, पाऊस आला नाही, पीक गेले, कर्ज राहिले. यात त्या शेतकऱ्याच्या हातून कोणते निंद्य कर्म घडले? त्याचे अनणसुख गेले हे खरे, पण त्याचे सोळा आणे शाबूत आहेत. त्याला पोळते ती लाज. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांचे व्याज सावकाराच्या व्याजाहून जड असते आणि ते कोणत्याही सातबाऱ्यावर दिसत नाही.

म्हणून उपासिकांनो, घरातला माणूस गप्प होत चालला, जेवण टाकू लागला, एकटा बसू लागला, तर त्याला हिशेब विचारण्याआधी जवळ बसवून घ्या. ‘देणे आहे ना, मग ते आपल्या सगळ्यांचे आहे,’ एवढे म्हणा. मनावरचा भार असह्य झाला असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येते. त्यात कमीपणा नाही. आजारी शरीराला दवाखान्यात नेतो, तसेच हे.

दुसरे देणे मात्र वेगळे. ते दाखवण्यासाठी केलेले असते. लग्नातील डीजे, हुंड्यातील गाडी, वाढदिवसाचे फलक. ते आपण स्वतः अंगावर ओढून घेतलेले असते आणि ते टाळणे आपल्याच हाती असते.

चार वाटांचे तळे

कोलिय कुळातील दीघजाणु नावाचा गृहस्थ एकदा भगवंतांना भेटला. तो सरळ माणूस होता. म्हणाला, आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, चंदन लावतो, सोनेरूपे वापरतो. आम्हाला झेपेल असे काही सांगा. तेव्हा भगवंतांनी त्याला उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविका या चार गोष्टी सांगितल्या. समजीविका म्हणजे आवक-जावक पाहून केलेला संसार. त्यासाठी त्यांनी तराजू धरणाऱ्याचा दाखला दिला. काटा किती झुकला, किती उचलला, हे त्याला कळते. खामगावच्या बाजारात कापूस नेणाऱ्याला हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको!

तेथेच भगवंतांनी तळ्याचीही उपमा दिली. तळ्याला चार वाटांनी पाणी येते आणि चार वाटांनी जाते. येण्याच्या वाटा बुजवल्या, जाण्याच्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. पाणी जाण्याच्या वाटा म्हणजे व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती उगीच नाही. आज जुगाराला पत्त्यांचा अड्डाही लागत नाही. तो पोराच्या हातातील मोबाइलमध्ये आला आहे. आयांनो, तिकडे लक्ष असू द्या.

नदीने नेले ते आणि राहिले ते

चार सुखे ऐकणाऱ्या अनाथपिंडिकाचे पुढे काय झाले? धम्मपदाच्या अट्ठकथेत त्याच्या पडत्या काळाची कथा आहे. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून अठरा कोटी उसने नेले आणि परत केले नाहीत. त्याच्या कुळाचे आणखी अठरा कोटी नदीकाठी पुरलेले होते. पुराने काठ ढासळला आणि ते धन वाहून गेले. ज्या माणसाने जेतवनासाठी जमिनीवर नाणी अंथरली, त्याच्या घरी भिक्षूंना देण्यासाठी कण्यांची पेज तेवढी उरली. पण पेजेचे दान त्याने थांबविले नाही. अन्न हलके आहे म्हणून संकोच वाटून घेऊ नकोस, मन निर्मळ असले की दान हलके ठरत नाही, असा धीर भगवंतांनी त्याला दिला, असे कथा सांगते.

अत्थिसुख नदीने नेले, भोगसुख व्यापाऱ्यांनी नेले. अनवज्जसुख मात्र कोणाला नेता आले नाही, कारण ते काठावर पुरलेले नव्हते. टिकाऊ सुख आत असते असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच. आत म्हणजे एखाद्या गुहेत नव्हे. आत म्हणजे जेथे बाजारभाव, पूर आणि शेजाऱ्याची नजर पोहोचत नाही तेथे.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाची झालेली परवड हे त्याचे मोठे कारण होते. खुर्ची गेली, बंगला गेला. पण स्त्रियांच्या हक्कांशी आपण प्रतारणा केली नाही ही निर्दोष जाणीव त्यांच्यापाशी राहिली. सोळा आण्यांसाठी एक आणा सोडणे ते हेच.

आणि आपल्या पूर्णेच्या काठाकडेही पाहा. संग्रामपूर तालुक्यातील भोन या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. तेथे दोन हजार वर्षांहून जुनी वसाहत आणि स्तूपाचे अवशेष मिळाले. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, याच नदीचे पाणी पिणाऱ्या गृहस्थांनी तेव्हा धम्माचे ठिकाण उभे केले होते. त्यांची घरे, त्यांचे सोने, त्यांचे मंडप यांतले काय उरले? नावेही उरली नाहीत. सर्वांनी मिळून, स्वतःपलीकडचे म्हणून जे बांधले त्याची खूण तेवढी उरली. आज तीही जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. तिची नोंद आणि जपणूक व्हावी म्हणून बोलणे हे आपले कामच आहे. पण स्तूप बांधणाऱ्यांना त्या दिवशी जे मिळाले ते कोणत्याही पाण्यात बुडणारे नव्हे.

रोजचा एक हिशेब

हे सारे ऐकायला बरे, पण घरात करायचे कसे? फार काही लागत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी बैल आणि माणूस यांतला फरक सांगितला होता. चारा दोघांनाही लागतो, पण माणसाला शरीराबरोबर मनही आहे आणि त्याचाही विकास व्हावा लागतो. चाऱ्याची सोय आपण दिवसभर करतोच. मनासाठी संध्याकाळची दहा मिनिटे काढा. दिवाबत्ती झाली, वंदना झाली, की दूरदर्शन आणि मोबाइल बंद करून सर्वांनी स्वस्थ बसावे. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहावे. मग प्रत्येकाने मनाशी विचारावे: आज माझ्या हातून, तोंडून, मनातून कोणाचे वाईट झाले काय? झाले असेल तर उद्या ते कसे निस्तरावे?

आणि दर पौर्णिमेला घराचा हिशेब सर्वांसमोर मांडावा. पतीने, पत्नीने, कळत्या मुलांनीही. किती आले, किती गेले, कोणाचे देणे आहे. लपवलेले देणे अंधारातल्या विंचवासारखे असते. उजेडात आणले की त्याची नांगी दिसते आणि मग उपाय सुचतो. मंगल परिणय विहारात, साधेपणाने, आपल्या ऐपतीत करावा. ‘लोक काय म्हणतील’ याची पहिली भीती एका घराने मोडली की पुढच्या दहा घरांना वाट मिळते.

गच्चीच्या पायरीवर बसलेल्या त्या दादांनी दुसऱ्या दिवशी बायकोला आणि मुलाला सारे सांगितले. आधी रडारड झाली, मग तिघे वही घेऊन बसले. सोनाराचे दागिने परत गेले, मोटारसायकल विकली, धाकट्या मुलीचा मंगल परिणय पुढे विहारातच झाला. देणे फिटायला काही वर्षे लागली. मध्यंतरी भेटले तेव्हा मी विचारले, “आता कसे चालले आहे, दादा?”

ते हसले. म्हणाले, “ताई, हप्ता अजून एक राहिला आहे. पण झोप लागते.”

आजी असती तर तिला सांगितले असते की, माय, सोळा आणे सुख असते. फक्त ते घराच्या भिंतीत शोधायचे नसते.

भवतु सब्ब मंगलं!